वहिनी आणि मुलासाठी हरणाची पहिली रायफल: .२२३, .२४३ की ६.५ क्रीडमूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टेक्सासमध्ये लॅनोजवळ ओळखीच्या माणसाचं रँच आहे, नोव्हेंबरात व्हाईटटेल (तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या) शिकारीला जायचंय, वहिनींची उंची पाच फूट, मुलगा तेरा वर्षांचा, दोघांनीही मोठी रायफल कधी चालवलेली नाही, घरात .२२३ काडतुसाची एआर (सेमी-ऑटोमॅटिक रायफल) आहे, दुकानदार .२४३ घ्या म्हणतो आणि ऑफिसमधला मित्र ६.५ क्रीडमूरच घ्या म्हणून मागे लागलाय. (ही सगळी काडतुसांची नावं, आकडा साधारण गोळीच्या व्यासाचा.) मी हिल कंट्रीत, म्हणजे लॅनोच्याच डोंगराळ भागात, वीसेक वर्षं शिकार करतोय, काडतुसं घरीच भरतो, आणि दर सीझनला एखाद्या नवख्या माणसाला सोबत घेऊन जातो, तेव्हा त्या अनुभवावरून सांगतो. आधी उत्तर देऊन टाकतो: .२४३ विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन (दर बारानंतर हाताने खटका ओढायची), आखूड दस्त्याची, आणि त्यात हरणासाठीच बनवलेली ९५ ते १०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी. आता का ते सांगतो, कारण नुसतं काडतुसाचं नाव ऐकून दुकानात गेलात तर .२४३ मध्येसुद्धा चुकीचा बॉक्स घेऊन याल, आणि असं झालेले लोक मी पाहिलेत.

हरीण पडतं ते दोन्ही फुप्फुसांना भोक पडल्यावर. रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पोचत नाही आणि दहा-पंधरा सेकंदांत जनावर खाली येतं, पण तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत ते पन्नास, कधी कधी शंभर यार्डसुद्धा पळतं. लॅनोकडची जमीन तुम्ही पाहिली असेल, सीडरची दाट झुडपं, निवडुंग, मध्ये मध्ये दगडच दगड, संध्याकाळची वेळ, उजेड पाच मिनिटांत जाणार. अशा ठिकाणी पळालेलं हरीण सापडतं ते रक्ताच्या मागावरून, आणि रक्त जमिनीवर पडतं ते मुख्यतः गोळी पलीकडून बाहेर पडली तर. तुम्ही उंच ब्लाइंडमधून (लपून बसायच्या मचाणातून) खाली मारताय, म्हणजे गोळी आत शिरल्याचं भोक वरच्या बाजूला असतं, तेवढं एकच भोक असेल तर रक्त छातीच्या पिंजऱ्यातच साठत राहतं आणि बाहेर जेमतेम थेंब येतात. पलीकडे, खालच्या अंगाला दुसरं भोक पडलं की तिथून रक्त सांडत जातं. म्हणून मी काडतूस निवडताना एकच गोष्ट बघतो, दोन भोकं पडणार का? लहान कॅलिबरमध्ये सगळा खेळ यावरच असतो. मोठ्या कॅलिबरला हे बहुतेक वेळा आपोआप जमतं, लहानाला जमवून आणावं लागतं.

आता तुमच्याकडची .२२३. टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर (ज्या काडतुसाच्या कडेवर पिन आपटते ते) चालत नाही, म्हणजे छोटं .२२ एलआर पूर्ण बाद, पण सेंटरफायर (पिन मध्यभागी आपटते ते) कुठलंही चालतं, त्यामुळे .२२३ कायद्यात बसते. हिल कंट्रीतली मादी लहानखुरी असते, जिवंत वजन शंभर पाउंडाच्या आसपास किंवा कमीच, आणि फीडर (हरणांसाठी दाणे टाकणारं यंत्र) ब्लाइंडपासून ८०-१०० यार्डांवर लावलेला असतो, म्हणजे अंतर आधीच ठाऊक. या परिस्थितीत .२२३ ने दर वर्षी कितीतरी हरणं व्यवस्थित पडतात, हे मी नाकारत नाही. पण अटी आहेत. गोळी ६० ग्रेनच्या वरची आणि बाँडेड (शिसं कवचाला चिकटवलेली) किंवा पूर्ण तांब्याची, म्हणजे फेडरल फ्यूजन ६२ ग्रेन किंवा बार्न्स टीएसएक्स अशा जातीची. हरीण पूर्ण आडवं उभं असलं पाहिजे. अंतर शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत. आणि नेम फऱ्याच्या (खांद्याच्या) हाडावर न धरता त्याच्या जरासा मागे, बरगड्यांवर. यातली एक अट मोडली तरी घोडा दाबायचा नाही, आणि इथेच गोची आहे, कारण पहिल्यांदा हरीण समोर आलं की हात थरथरत असतात, श्वास आवरत नाही, आणि नेमक्या त्या वेळी नवख्या माणसाकडून इतक्या अटी पाळायची अपेक्षा आपण धरतोय. .२२३ हे अनुभवी माणसाच्या हातातलं हरणाचं काडतूस आहे. लोक उलट समजतात, धक्का कमी म्हणून मुलाच्या हातात देतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २००९ च्या सीझनला मेसन काउंटीत एका मादीवर मी .२२३ नेच बार काढला होता, नव्वद यार्ड, ती थोडी माझ्याकडे तोंड करून तिरकी उभी होती, आणि रायफलमध्ये ५५ ग्रेनची कायोटीसाठीची (कोल्ह्यासारख्या जनावरासाठीची) गोळी होती कारण तीच घरात पडलेली होती. गोळी फऱ्याच्या हाडावर लागली. मादी तीन पायांवर पळाली, दोन-तीन थेंब रक्त दिसलं आणि मग काही नाही. आम्ही रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन फिरलो. सकाळी सापडली, साडेतीनशे यार्डांवर, कायोटींनी मागून खायला सुरुवात केलेली. कापून बघितलं तर फऱ्यावर तळहाताएवढी उथळ जखम, गोळीचा हाडावरच चुरा झालेला, छातीत फक्त एकदोन कण गेलेले. ते जनावर किती वेळ जिवंत असेल हा विचार मला पुढे कित्येक दिवस सोडत नव्हता, आजही बोलताना त्रास होतो. बंदूक चांगली होती, अंतर जवळचं होतं, चूक पूर्ण माझी होती. चुकीची गोळी, चुकीचा कोन. माझे आजोबा कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक बाळगायचे, रानडुकरं भातात शिरायची म्हणून, आणि त्यांचं म्हणणं असायचं की जनावर जखमी करून सोडणं यासारखं वाईट काम नाही. त्या रात्री ते फार आठवलं.

त्यामुळे गोळीबद्दल जरा सविस्तर. कायोटी, प्रेअरी डॉग वगैरेंसाठीच्या गोळ्या मुद्दाम पातळ कवचाच्या असतात, लागल्या की फुटून जाव्यात म्हणून, हॉर्नेडी व्ही-मॅक्स हे त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव. गोळी उत्तम आहे, पण काम वेगळं. हरणासाठीची गोळी लागल्यावर छत्रीसारखी उघडली पाहिजे आणि तरी एकसंध राहून पलीकडे गेली पाहिजे. जॉन नोस्लर यांनी १९४८ मध्ये पार्टिशन ही गोळी बाजारात आणली ती याच कारणासाठी, आत मध्ये तांब्याची भिंत, पुढचा भाग फुलतो आणि मागचा अर्धा भाग शाबूत राहून पुढे घुसत जातो. आज बाँडेड म्हणजे शिसं कवचाला चिकटवलेल्या गोळ्या स्वस्तात मिळतात, आणि रेमिंग्टनची कोर-लॉक्ट १९३९ पासून चालूच आहे, साधी गोळी, .२४३ मध्ये १०० ग्रेनची घेतली तर व्हाईटटेलला अजूनही काही कमी पडत नाही. फुल मेटल जॅकेट मात्र अजिबात नाही, ती उघडतच नाही, सुईसारखी आरपार जाते, आणि बऱ्याच राज्यांत हरणासाठी बेकायदेशीरही आहे. आता बघा, .२४३ मध्ये ५५-५८ ग्रेनचे बॉक्सही मिळतात, शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेले असतात, वर मोठ्या अक्षरात .२४३ विंचेस्टर लिहिलेलं, ते कायोटीसाठीचे. हे मी सुरुवातीला म्हणालो तो चुकीचा बॉक्स. ग्रेन वाचल्याशिवाय काउंटरवर पैसे देऊ नका.

.२४३ ची गंमत अशी की ती जन्मालाच दोन्ही कामांसाठी आली. १९५५ मध्ये विंचेस्टरने .३०८ चंच केस (काडतुसाचं पितळी कवच) घेतलं, त्याची मान आवळून ६ मिलिमीटरची गोळी बसवली, आणि बॅरलमधले आटे (गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा) असे दिले की दर १० इंचाला एक पूर्ण वेढा, त्यामुळे १०० ग्रेनची लांब गोळीसुद्धा नीट फिरत जाते. त्याच वर्षी रेमिंग्टननेही त्याच ६ मिलिमीटर व्यासाचं .२४४ रेमिंग्टन आणलं, काडतूस म्हणून तोडीस तोड, काकणभर सरसच, पण त्यांना वाटलं लोक हे लहान जनावरांवरच वापरणार, म्हणून आटे १२ इंचाला एक वेढा असे सैल ठेवले. जड गोळी त्यात खात्रीने स्थिर होईना. ज्याला एकाच रायफलने उन्हाळ्यात कायोटी आणि हिवाळ्यात हरीण मारायचं होतं तो .२४३ कडे गेला. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नव्या नावाने, ९ इंचाला एक वेढा देऊन परत आणलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता. हे सगळं सांगायचं कारण की तुमच्या एआरलाही हाच नियम लागू आहे. बॅरलवर बारीक अक्षरात आकडा कोरलेला असतो, १:१२ असेल तर ५५ ग्रेनच्या वर जाऊ नका, १:९ ला ६२-६५ व्यवस्थित, १:८ किंवा १:७ असेल तर ७५-७७ पर्यंत चालतं. आणि तांब्याच्या गोळ्या त्याच वजनात जास्त लांब असतात, त्यांना आटे अजून घट्ट लागतात. जाता जाता हेही बघा की बॅरलवर .२२३ लिहिलंय की ५.५६, कारण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चं काडतूस मारायचं नाही, दाब जास्त असतो.

आकड्यांत बोलायचं तर .२४३ ची १०० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, २,९६० फूट सेकंदाने निघते, तोंडाशी १,९०० फूट-पाउंडांच्या (हे ऊर्जेचं माप) वर ऊर्जा, आणि २०० यार्डांवरही १,३०० च्या आसपास शिल्लक. .२२३ ची ६२ ग्रेन १०० यार्डांवरच हजाराच्या खाली येते. हजार फूट-पाउंड हा काही निसर्गाचा नियम नाही, पण बरीच मंडळी तो मापदंड धरतात आणि कोलोरॅडोसारख्या राज्याने तर १०० यार्डांवर हजार फूट-पाउंड हे कायद्यातच घातलंय. १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लागेल अशी झिरो केलीत (स्कोपचा नेम तसा लावलात) तर २०० ला बरोबर मध्यभागी लागते, म्हणजे तुमच्या फीडरच्या अंतरावर वर-खाली धरायचा विचारच करायला नको. नवख्या माणसाच्या डोक्यातलं एक ओझं कमी.

धक्क्याचं बघू. साडेसात-आठ पाउंडाच्या रायफलमध्ये .२२३ चा धक्का ३-४ फूट-पाउंड, .२४३ चा ९ च्या आसपास, ६.५ क्रीडमूरचा १२-१३, .३०८ चा १६ ते १८, आणि .३०-०६ चा २० च्या घरात. वहिनींना आणि मुलाला ९ आणि १३ मधला फरक खांद्यावर नक्की जाणवेल, पण खरा प्रश्न खांदा दुखण्याचा नसतो, दचकण्याचा असतो. चार-पाच बारांनंतर माणूस नकळत घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा आक्रसतो, आणि गोळी पोटात जाते. एकदा ही सवय लागली की ती मोडायला दोन सीझन जातात. म्हणून मी पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये न सांगता एक डमी काडतूस घालतो, बार न होता नळी खाली दबली की कळतं कोण दचकतंय. दचकत असेल तर त्या दिवशी मोठी रायफल बंद, परत .२२ एलआर हातात. कानावर मफ आणि आत फोमचे प्लग दोन्ही घाला, कारण बऱ्याच लोकांचं दचकणं आवाजामुळे असतं, धक्क्यामुळे नाही.

६.५ क्रीडमूर २००७ ला आली, काडतूस खरंच गुणी आहे, तुमच्या मित्राचं म्हणणं चूक नाही. १४३ ग्रेनची गोळी, २०० यार्डांवर १,८०० फूट-पाउंड, हाडावर लागली तरी दुसरं भोक पडायची खात्री .२४३ पेक्षा नक्कीच जास्त. तुम्ही स्वतः शिकार करणार असाल तर तुमच्यासाठी मी हीच सांगेन, किंवा ७एमएम-०८, जी मला व्यक्तिशः जास्त आवडते. त्याला कारणही आहे. त्या भागात तुम्हाला चितळ दिसतील, होय, आपलेच चितळ, इकडे त्यांना ॲक्सिस म्हणतात, १९३२ च्या सुमारास टेक्सासमध्ये आणलेले आणि आता मोकळे फिरतात. पहिल्यांदा सीडरमधून ठिपक्यांचा कळप बाहेर आला तेव्हा मी रायफल बाजूला ठेवून नुसता बघत बसलो होतो. टेक्सासच्या कायद्यात ते परदेशी जनावर, त्यामुळे जमीनमालकाची परवानगी आणि लायसन्स असेल तर वर्षभर मारता येतात, पण नर दोनशे पाउंडांपर्यंत जातो आणि व्हाईटटेलपेक्षा फार चिवट असतो. चितळाच्या नरावर .२४३ मी नवख्या माणसाला देणार नाही. दक्षिणेकडे किंग रँचच्या भागात नीलगाय आहेत, त्यांचा तर या काडतुसांच्या संदर्भात विचारच नको. आणि हे सगळं टेक्सासपुरतं, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असंच मला वाटतं, गावाकडे गेल्यावर कुणी गमतीत विषय काढला तरी त्या वाटेला जाऊ नका.

कायद्याचं अजून एक, हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे आणि कितीतरी जणांना माहीतच नसतं. तुम्ही किंवा वहिनी एच-वन, एच-फोर, एल-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. टेक्सासचं लायसन्स दर वर्षी ३१ ऑगस्टला संपतं. म्हणजे १ सप्टेंबरला नवीन घेतलं नाहीत आणि एआर घरातच असली तर अपवाद संपला आणि तुम्ही गुन्ह्याच्या बाजूला गेलात, पुढे ग्रीन कार्डचं काय होईल ते वेगळंच. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. तुमचा व्हिसा कुठला ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून आवर्जून सांगतोय, शंका असेल तर वकिलाला विचारा, तेवढी फी वसूल आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्सही तिघांनी करून टाका, टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच.

आणि उद्या दुसऱ्या राज्यात बदली झाली तर तिथलं पुस्तक आधी वाचा. व्हर्जिनियात हरणासाठी .२३ च्या खालचं चालत नाही, वॉशिंग्टन आणि कोलोरॅडोत .२४ पासून पुढे, म्हणजे .२२३ बाद आणि .२४३ जेमतेम आत. ओहायोत सरळ भिंतीचंच, म्हणजे मान न आवळलेलं, काडतूस लागतं, तिथे .२४३ आणि क्रीडमूर दोन्ही घरी ठेवायच्या, आणि .३५० लेजंड वगैरे बघायचं. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिशाची गोळी शिकारीला चालतच नाही.

शिशावरून आठवलं. मांस घरी शिजवणार, मुलं खाणार, तर तांब्याची गोळी घ्यायचा विचार जरूर करा. शिशाची गोळी फुलते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, डोळ्यांना दिसत नाहीत पण एक्सरेत दिसतात. मी २०१५ पासून घरच्या मांसासाठी तांबंच वापरतो. .२४३ मध्ये तांब्याची ८० किंवा ८५ ग्रेनची घ्या, ती वजन जवळजवळ गमावतच नाही, त्यामुळे हलकी असूनही आरपार जाते. माझ्या मुलीने बाराव्या वर्षी पहिली मादी ८५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीनेच पाडली, ७० यार्ड, बरगडीत आत आणि पलीकडून बाहेर, चाळीस पावलांवर सीडरखाली पडलेली, आणि वाटेतल्या गवतावर दोन्ही बाजूंना रक्त, तिने एकटीने माग काढला, मी मागे नुसता चालत होतो. फऱ्याचं मांस पूर्ण वाचलं, त्याचं सुकं केलं होतं.

रायफल घेताना काडतुसाइतकंच दस्त्याकडे लक्ष द्या. मोठ्या माणसाच्या रायफलचा दस्ता घोड्यापासून साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, वहिनींना आणि मुलाला साधारण साडेबारा लागेल. लांब दस्ता असला की डोकं मागे जातं, स्कोपमध्ये काळी कडा दिसते, रायफल खांद्याऐवजी दंडावर टेकते आणि तोच ९ फूट-पाउंडांचा धक्का दुप्पट वाटतो. बऱ्याच कंपन्यांच्या कॉम्पॅक्ट किंवा यूथ रायफली .२४३ मध्ये मिळतात, काहींत नंतर दस्त्याला स्पेसर लावून लांबी वाढवता येते, मुलगा उंच होईल तेव्हा कामाला येईल. फक्त फार हलकी घेऊ नका. सहा पाउंडांची रायफल उचलायला बरी पण लाथ जोरात मारते.

एआर विकायची गरज नाही, ती सरावाला वापरा, काडतुसं स्वस्त आहेत. आधी .२२ एलआर, मग .२२३, आणि शेवटी .२४३ ची फक्त वीस-तीस काडतुसं, एका दिवशी दहाच्या वर नाही. सहा इंचाची कागदी प्लेट शंभर यार्डांवर लावा, बाकावरून झिरो झाली की बाक सोडून द्या आणि ब्लाइंडमध्ये जशी बसणार तशी खुर्चीत बसून, शूटिंग स्टिकवर टेकून मारायला लावा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच प्लेटवर बसतात ते त्या माणसाचं अंतर, मग ते साठ यार्ड का असेना. फीडरवर गेल्यावर त्यापुढच्या हरणावर बंदूक उचलायची नाही हे आधीच ठरवून जा.

बार झाला की लगेच खाली उतरू नका. कुठे उभं होतं, कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते खूण करून ठेवा, अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त दिसलं तर फुप्फुस, जास्त लांब नसेल. गडद लालसर तपकिरी असेल तर यकृत, अजून तासदोन तास थांबा. हिरवट काही दिसलं किंवा घाण वास आला तर पोटात लागलीये, तेव्हा मात्र घाई केलीत तर ते उठून मैलभर जाईल, पाच-सहा तास तरी द्या आणि शक्य असेल तर माग काढणारं कुत्रं असलेल्या माणसाला बोलवा, रँचवाल्याला कुणीतरी माहीत असतंच, नंबर आधीच घेऊन ठेवा.

रायफल बघून आलात की बॅरलवरचा आकडा आणि दस्त्याची लांबी मला कळवा, तांब्याची घ्यायची की साधी तेही ठरवा, मग त्या बॅरलला कुठला बॉक्स बसेल ते सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत घ्या, सीझन जवळ आला की १०० ग्रेनचे बॉक्स शेल्फवरून सगळ्यात आधी जातात.